एकट्याची बाग आणि शिवाराची कीड : हिंगोली परिसरातील फळझाडांच्या कीडरक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

बागेचा इतिहास लिहिताना ती कोणी लावली, पाणी कोठून आणले आणि फळ कोणत्या बाजारपेठेत गेले, याचा शोध सामान्यतः घेतला जातो. ती बाग किडींपासून कोणी व कशी राखली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः फळझाडांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक मोलाचा आहे. ज्वारीचे वा कापसाचे पीक किडीने गेले तर तो एका हंगामाचा तोटा होय. पुढील वर्षी पीक बदलता येते, पेरणीची वेळ मागेपुढे करता येते. आंबा, मोसंबी, संत्रा ही झाडे मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असतात. त्यांना फेरपालट नाही. कीड लागली म्हणून झाड उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि ते तोडले तर दहा वर्षांचे पाणी, खत व श्रम त्याबरोबर जातात. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडण्यास जी मनाई केली आहे, तिच्या मुळाशी हीच जाणीव आहे. ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा तेथील युक्तिवाद आहे.

प्रस्तुत लेखात हिंगोली जिल्हा व त्याच्या शेजारचा प्रदेश विचारात घेऊन फळझाडांच्या कीडरक्षणाचा मागोवा घेतला आहे. वृक्षायुर्वेदविषयक ग्रंथ, विसाव्या शतकातील कृषी खात्यांचे व विद्यापीठाचे कार्य, कीटकशास्त्रातील प्रसिद्ध निरीक्षणे आणि या भागात रूढ असलेल्या पद्धती यांचा आधार त्यासाठी घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : गेल्या हजारबाराशे वर्षांत उपाय अनेकदा बदलले, धुराच्या जागी भुकटी आली, भुकटीच्या जागी द्रव आला, परंतु रक्षण करावयाचे ते 'एक झाड' किंवा 'एकाची बाग', ही कल्पना फारशी बदलली नाही. याउलट, या भागातील बागांचे मोठे नुकसान करणाऱ्या काही किडी आपल्या आयुष्याचा बराच काळ बागेबाहेर, शिवारात, काढतात. या विसंगतीची किंमत लहान बागायतदाराने मोजली आहे.

प्रदेशाची पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. उत्तरेस पैनगंगा, मध्यातून कयाधू आणि दक्षिणेकडे पूर्णा अशा नद्यांनी हा प्रदेश आखला गेला आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हिंगोली गाव तेथील लष्करी छावणीमुळे ओळखले जात असे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पैनगंगा ही दोन राज्यकारभारांमधील सीमा झाली. पलीकडे पुसद, उमरखेड. अलीकडे कळमनुरी, हिंगोली. जमीन तीच, पाऊस तोच, भाषा तीच. परंतु पलीकडचा शेतकरी नागपूरच्या कृषी खात्याकडे पाही आणि अलीकडचा हैदराबादच्या. किडीला अर्थातच ही सीमा ठाऊक नव्हती.

झाड हाच रोगी

भारतीय परंपरेत झाडांच्या रोगांचा विचार वैद्यकाच्या चौकटीत झाला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन यांमुळे झाडांना रोग होतात, पाने फिकट पडतात, पालवी वाढत नाही, फांद्या सुकतात आणि रस गळू लागतो, अशी लक्षणे सांगून ग्रंथकार उपचार सांगतो. प्रथम शस्त्राने रोगट भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी शिंपावे. हा क्रम शल्यचिकित्सकाचा आहे : आधी शुद्धी, नंतर लेप, नंतर पथ्य.

याहून विस्तृत विवेचन सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात आढळते. सुमारे सव्वातीनशे श्लोकांचा हा ग्रंथ साधारणतः दहाव्या-अकराव्या शतकातील मानला जातो. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती. ती डॉ. य. ल. नेने यांनी मिळविली आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेल्या भाषांतरासह सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने १९९६ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरपाल झाडांच्या अंतर्गत रोगांची वात, पित्त व कफ अशी विभागणी करतो आणि किडींचा उपद्रव बाह्य कारणांत धरतो. किडी मुळांवरून व फांद्यांवरून काढून टाकाव्यात, थंड पाणी शिंपावे, पांढरी मोहरी, वावडिंग, वेखंड, हिंग, मिरी, बिब्बा अशा तीक्ष्ण द्रव्यांचे लेप व धुरी द्यावी, असे त्याचे उपाय आहेत. यातील बहुतेक द्रव्ये आजही कोणत्याही तालुक्याच्या गावी काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात.

अलीकडे या ग्रंथांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे त्यांत सर्व आधुनिक कीटकशास्त्र आहेच. दुसऱ्या मताप्रमाणे ती निव्वळ पोथीपंडिती आहे. दोन्ही मते उतावीळपणाची वाटतात. तीक्ष्ण वासाच्या धुराने कीटक दूर जातात, हे निरीक्षण खरे आहे आणि त्याचा उपयोग पुढे येणारच आहे. परंतु ग्रंथकाराची दृष्टी एका झाडावर खिळलेली आहे, हेही तितकेच खरे. वैद्य जसा खाटेवरील रोग्याजवळ बसतो, तसा तो झाडाजवळ बसतो. कीड कोठून आली, उरलेले वर्ष ती कोठे असते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. राजाच्या किंवा धनिकाच्या उपवनासाठी लिहिलेल्या ग्रंथात तो उद्भवण्याचे कारणही नव्हते. भोवती तट होता, माळी होते आणि फळाचा दर विचारावयाचा नव्हता.

आमराई, राखण आणि हाताचे काम

सामान्य शेतकऱ्याच्या बागा निराळ्या होत्या. मराठवाड्यात विहिरीवर मोटेने भिजणारी थोडी बागायत, बांधावरची चिंच-बोर-कडुलिंब आणि गावालगतची कोयीपासून वाढलेली गावरान आमराई, असे साधारण चित्र होते. आमराईतील प्रत्येक झाडाचा आंबा वेगळ्या चवीचा आणि वेगळ्या वेळी मोहोरणारा. कलमी बागेत सगळा मोहोर एकाच पंधरवड्यात येतो आणि तुडतुड्यांना एकदम मेजवानी मिळते; गावरान आमराईत ते घडत नसे. हा कोणी आखलेला उपाय नव्हता, परंतु परिणामाने तो उपायच ठरत होता.

प्रत्यक्ष राखण बहुतांशी हाताची होती. खोडावर भुसा व विष्ठा यांची तपकिरी जाळी दिसली की साल खाणारी अळी आत आहे हे ओळखावयाचे, जाळी खरवडून छिद्रात तार घालून अळी टोचावयाची आणि छिद्र चिखलाने लिंपावयाचे. पुढे त्यात रॉकेलच्या बोळ्याची भर पडली, एवढेच. लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या वेचून काढावयाच्या. खोडाला चुना व गेरू लावावयाचा. बृहत्संहितेतील 'शुद्धी आणि लेप' हा क्रम येथे पोथी न उघडताही चालू होता. चुन्यात मोरचूद मिसळण्याची रीत मात्र परदेशी. फ्रान्समधील बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण फासत असत. तेवढ्याच वेली रोगापासून वाचल्याचे मिलार्दे याने पाहिले आणि १८८५ मध्ये तो उपाय प्रसिद्ध केला. ते औषध बुरशीचे, किडीचे नव्हे. पण आपल्याकडे बोर्डो मलम खोडाला लावताना शेतकरी हा भेद फारसा करीत नाही.

या व्यवस्थेतील एक दुबळी बाजू सांगितली पाहिजे. आंबा वा मोसंबीची फळे झाडावर असतानाच बागवानाला देण्याची पद्धत सर्वत्र होती व आहे. बागवान फळ राखतो; पाखरे हाकलतो, चोर पाहतो. परंतु त्याचा करार एका बहराचा असतो. खोडातील अळी दोन वर्षांनी फांदी वाळविणार असेल तर तिच्याशी त्याला कर्तव्य नसते. मालक तर फळ विकून मोकळा झालेला असतो. झाड फळाने लगडलेले असते तेव्हाच त्याच्या खोडाकडे कोणाचे लक्ष नसते.

पैनगंगेचे दोन काठ

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात कीटकशास्त्र हे सरकारी खाते बनले. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याने १९०६ मध्ये पिकांवरील किडींवर आणि १९०९ मध्ये भारतीय कीटकसृष्टीवर ग्रंथ लिहिले. १९१४ मध्ये विनाशकारी कीटक व कीडविषयक कायदा झाला. त्याचा रोख प्रामुख्याने बंदरांवर होता. बाहेरून येणाऱ्या रोपांबरोबर नवी कीड देशात येऊ नये, हा त्याचा हेतू. मद्रास इलाख्याने १९१९ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये स्वतःचे कीड-रोगविषयक कायदे केले. या प्रांतिक कायद्यांत एक नवे तत्त्व आले : सरकारने एखादी कीड घोषित केली की त्या क्षेत्रातील प्रत्येक जमीनधारकाने ठरवून दिलेले उपाय करावयाचे. एकाच्या शेतातील कीड ही शेजाऱ्याचीही बाब आहे, हे कायद्याने प्रथमच मान्य केले.

हैदराबाद संस्थानात परभणी येथे १९१८ मध्ये मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र स्थापन झाले. मराठवाड्यातील संशोधनाची ती पायाभरणी होय. १९५६ मध्ये तेथे कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ सुरू झाले. आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ते हेच. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मोगलकालीन हिमायतबागेत विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. नागपूरचा संत्रा अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांनी औरंगाबादहून नेला, असे परंपरेने सांगतात. ते खरे धरल्यास फळ दक्षिणेकडून उत्तरेला गेले आणि त्यावरील किडींचा अभ्यास पुढे उत्तरेकडून दक्षिणेला आला, असे म्हणावे लागेल.

कायद्याचे ते नवे तत्त्व मात्र रुजले नाही. त्याआधीच बाजारात दुसरा, सोपा वाटणारा उपाय आला.

'औषध' मारणे

पॉल म्युलरने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. भारतीय खेड्यात ही भुकटी प्रथम शेतात नव्हे, तर १९५३ च्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमाद्वारे घराच्या भिंतींवर आली. डास मेले, माणसे जगली आणि भुकटीवर विश्वास बसला. त्यामागोमाग बीएचसी, एन्ड्रिन, पॅराथिऑन, मॅलॅथिऑन शेतात आले. मराठीत या सर्वांना एकच शब्द रूढ झाला, तो 'औषध'. औषध मारणे, औषधाचा पंप, औषधाचे दुकान. वृक्षायुर्वेदाशी आपले काही नाते उरले असेल तर ते या शब्दात. मात्र रोगी न पाहता दिलेले औषध, असा त्याचा अर्थ झाला.

या बदलाने शेतकऱ्याला प्रथमच स्वतःच्या बळावर बाग वाचविल्याचे समाधान दिले, हे नाकारता येणार नाही. त्याआधी तुडतुड्यांनी मोहोर चिकटला की बघत बसण्याशिवाय किंवा गंधकाची भुकटी धुरळण्याशिवाय मार्ग नव्हता. परंतु औषधाने राखणीचे स्वरूप पूर्णपणे खाजगी केले. प्रत्येकाचा पंप वेगळा, वेळ वेगळी, मात्रा वेगळी. शेजाऱ्याशी बोलण्याची गरज उरली नाही.

माणसांवरील परिणामही लवकरच दिसले. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक लोक दगावले. त्यानंतरच्या विचारमंथनातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. एन्ड्रिन हे नाव तर ग्रामीण मराठीत विषाचा पर्याय बनले. त्यावर १९९० मध्ये बंदी आली. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि बीएचसीचा १९९७ मध्ये थांबविण्यात आला. २०१७ च्या खरिपात पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. ते पीक कापसाचे होते आणि त्या वर्षी उंच वाढलेल्या कपाशीत फवारा अंगावर येत होता, हे तेव्हा पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. फळबागेत तर फवारा नेहमीच डोक्यावर मारावा लागतो आणि तो खाली उभ्या असलेल्या माणसावर पडतो. तो माणूस बहुधा बागेचा मालक नसतो, रोजाने आलेला मजूर असतो.

१९६० च्या दशकात येलदरी व सिद्धेश्वर धरणांमुळे पूर्णेचे पाणी कालव्याने वसमतच्या बाजूला पोहोचले आणि ऊस, केळी, हळद वाढली. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. लहान कोरडवाहू शेतकऱ्याला रोपे, खड्डे व मजुरी यांसाठी पूर्ण अनुदान मिळू लागले. मोटेच्या विहिरीपुरती असलेली फळबाग आता माळावरच्या एक-दोन एकरांच्या तुकड्यांत गेली. बाग मोजक्या घरांकडून अनेक घरांकडे गेली, ही सामाजिक दृष्ट्या मोठी घटना होय. पण आता प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंना दुसऱ्याचे रान होते.

रात्रीचा पतंग

मोसंबी व संत्र्याच्या आंबिया बहराची फळे पक्व होऊ लागतात, त्या सुमारास, म्हणजे ऑगस्टपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, बागेत सकाळी फळांचा सडा दिसू लागतो. फळावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. भोवतीचा भाग दाबला तर मऊ लागतो व पुढे सडतो. झाडावर अळी नसते, पानावर काही नसते. दिवसा कितीही शोधले तरी गुन्हेगार सापडत नाही, कारण तो तेथे नसतोच.

हा फळांतील रस शोषणारा पतंग होय. त्याची युडोसिमा वंशातील जाती लिनेयसच्या काळापासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते. याची सोंड कणखर व दातेरी असून ती पिकल्या फळाची साल भेदते. पतंग अंधार पडल्यावर येतो, रस पितो आणि उजाडण्यापूर्वी निघून जातो. त्याची अळी लिंबूवर्गीय झाडाला तोंडही लावत नाही. ती गुळवेल, वासनवेल यांसारख्या रानवेलींच्या पानांवर वाढते. म्हणजे बागेत येतो तो केवळ पाहुणा. त्याचे घर ओढ्याकाठी, कुंपणावर, गायरानात आणि शेजाऱ्याच्या बांधावरील कडुलिंबावर चढलेल्या वेलीत असते.

यावर बागायतदाराला जे सांगितले जाते, त्यात हजार वर्षांचा इतिहास एकत्र दिसतो. सायंकाळी बागेत ओला पाला जाळून धूर करावा. हा सुरपालाचा धूर. रात्री बत्ती घेऊन पतंग वेचावेत. ही जुनी राखण. गूळ, व्हिनेगर व कीटकनाशक यांचे आमिष ठेवावे. हे विसावे शतक. गळालेली फळे गोळा करून पुरावीत. आणि शेवटी, परिसरातील गुळवेल व वासनवेल नष्ट करावेत.

हा शेवटचा सल्ला शास्त्रतः बरोबर आहे, परंतु सगळे शिवार एकाच माणसाच्या मालकीचे असल्याप्रमाणे तो दिलेला आहे. दोन एकरांचा मालक दुसऱ्याच्या बांधावरील वेल कोणत्या अधिकाराने तोडणार? शिवाय गुळवेल ही आयुर्वेदातील मान्यवर वनस्पती, आणि कडुलिंबावर चढलेली तर विशेष गुणकारी समजतात. २०२० नंतरच्या साथीच्या काळात तिची मागणी एवढी वाढली की लोक ती मुद्दाम लावू लागले. एकाची औषधी ती दुसऱ्याच्या फळाचा घात, असा हा पेच आहे. व्यवहारात अनेकांनी दुसरी वाट काढली, ती म्हणजे आंबिया सोडून मृग बहर धरणे. मृगाची फळे फेब्रुवारी-मार्चकडे तयार होतात आणि पतंगाचा मोसम टळतो. मात्र त्यासाठी उन्हाळ्यात झाडाला ताण देऊन पुढे पावसाची खात्री हवी आणि हिवाळाभर विहिरीला पाणी हवे. मराठवाड्यात २०१२ ते २०१६ दरम्यानच्या दुष्काळांत ज्यांनी बागा जळताना पाहिल्या, त्यांना ही निवड सोपी नव्हती.

कोळशी आणि तिचे शत्रू

दुसरे उदाहरण कोळशीचे. ही काळी माशी लिंबूवर्गीय झाडांच्या पानांच्या मागे राहून रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काजळीसारखी बुरशी वाढते आणि झाड कोळसा फासल्यासारखे दिसते. नाव त्यावरूनच पडले. विदर्भाच्या संत्रापट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने बागांची मोठी हानी केली. मोसंबी व संत्रा जेथे आहे तेथे तिचा धाक आहे.

तिच्या शास्त्रीय नावात रसेल वोग्लम या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाचे नाव गुंफलेले आहे. तो १९१० मध्ये भारतात आला होता, तो एका पांढऱ्या माशीचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी. काळी माशी मूळ आशियातील. ती वेस्ट इंडीजमध्ये पोहोचली तेव्हा तिचे शत्रू मागेच राहिले होते. मलायातून आणलेल्या सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्यांनी १९३० नंतर क्यूबात तिला आवरले, पण मेक्सिकोच्या कोरड्या हवेत त्या पुरेशा टिकल्या नाहीत. तेव्हा १९४९-५० मध्ये भारत व पाकिस्तानातून दुसऱ्या जाती नेण्यात आल्या आणि त्यांनी काही वर्षांत मेक्सिकोतील बागा सावरल्या. जैविक नियंत्रणाच्या इतिहासातील हे एक गाजलेले यश आहे.

म्हणजे आपल्याच हवेतील, आपल्याच बागांतील मित्रकीटक परदेशात जाऊन कामी आले आणि त्याच दशकात आपण त्यांच्या घरावर औषध मारावयास प्रारंभ केला. कोळशीची पिले पानाच्या मागील बाजूस चिकटून असतात, त्यांच्यापर्यंत फवारा नीट पोहोचत नाही. उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी मात्र सहज मरते. फवारलेल्या बागेत कोळशी पुन्हा उसळली की शेतकरी पुन्हा फवारतो. येथेही एकट्याच्या बागेची अडचण आहेच. एखाद्याने मित्रकीटकांसाठी फवारणी थांबविली तरी शेजारची बाग फवारली जात असेल तर ते त्याच्याकडे टिकत नाहीत, आणि शेजारची बाग सोडून दिलेली असेल तर तेथून कोळशी येतच राहते.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न व त्याच्या सहकाऱ्यांनी एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडली आणि नुकसानीची आर्थिक पातळी ओलांडेपर्यंत फवारू नये, असे सांगितले. महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीची साथ आल्यावर क्रॉपसॅप हा कीडरोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि पुढे फळपिकांसाठी हॉर्टसॅप. गावोगावच्या नोंदी एकत्र करून सल्ला देण्याची ही पद्धत, पाहण्याच्या बाबतीत तरी, बागेच्या कुंपणाबाहेर गेली. उपाय अजून आतच आहे.

कडुलिंबावरचा भुंगेरा

आता बांधावरच्या कडुलिंबाकडे वळावे लागेल. या झाडाची कीर्ती कीटकनाशक म्हणून जगभर आहे. १९६२ मध्ये टोळधाडीच्या वेळी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांच्या प्रयोगात निंबोळीच्या अर्काचा फवारा दिलेली पिके टोळांनी खाल्ली नाहीत. पाच टक्के निंबोळी अर्क हा आज प्रत्येक शिफारशीतील पहिला उपाय आहे, आणि निंबोळ्या वेचणे हे उन्हाळ्याच्या अखेरीस बायकापोरांचे काम.

आणि तरीही हुमणीचा भुंगेरा कडुलिंबाचाच पाला आवडीने खातो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडलेले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुलिंब व बाभळीवर जमतात, पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत जातात. मादी अंडी घालते ती आसपासच्या शेतांत. पुढे त्यांची पांढरी अळी ऊस, हळद, भुईमूग आणि नव्याने लावलेली फळझाडांची कलमे यांची मुळे कुरतडते. वर्षातून एकच पिढी; बहुतेक काळ जमिनीखाली, औषधाच्या आवाक्याबाहेर. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीच्या शेतांनाही तिचा उपद्रव होतो.

ही कीड सापडण्याजोगी असते ती झाडावर आणि रात्रीच्या काही तासांतच. बांबूच्या आकडीने फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, प्रकाश सापळे लावावेत. उपाय स्वस्त आहे, त्याला यंत्र लागत नाही, विष अंगावर पडत नाही. मात्र तो एकट्याने करून निरर्थक ठरतो. एकाने आपल्या झाडावरचे भुंगेरे वेचले आणि दहा बांधांवरचे तसेच राहिले, तर अंडी त्याच्याही शेतात पडणारच. म्हणून कृषी खाते व कृषी विज्ञान केंद्रे सामूहिक मोहिमेचा आग्रह धरतात. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे केंद्र याच जिल्ह्यात आहे. काही ठिकाणी यावर बांधावरचे कडुलिंब व बाभूळ तोडण्याचा तोडगाही लोक बोलून दाखवितात. तो मान्य होण्यासारखा नाही. झाड तोडल्याने भुंगेरे मरत नाहीत, ते पुढच्या बांधावर जातात. निंबोळी, सावली व जळण मात्र जाते. उलट झाड उभे असेल तर विखुरलेली कीड वर्षातून काही रात्री एका जागी, हाताच्या अंतरावर येते.

अडचण वेळेची आहे. पहिला पाऊस कोणत्या दिवशी पडेल हे आधी ठरविता येत नाही आणि पडल्यावर जमवाजमव करण्यास फारतर दोन-चार दिवस मिळतात. तेच दिवस पेरणीच्या तयारीचे, बी-खत आणण्याचे आणि औत दुरुस्तीचे असतात. अंधार पडल्यानंतरच्या दोन तासांत गावातील प्रत्येक कडुलिंबाखाली कोणीतरी आकडी व घमेले घेऊन उभे राहावयाचे, तर ते झाड ज्याच्या बांधावर आहे त्याने, ज्याच्या शेतात अळी पडणार आहे त्याने, की ग्रामपंचायतीने मजुरी देऊन नेमलेल्या माणसाने, हे पाऊस पडण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरलेले असावे लागते.